गाळाच्या मागावर: खंबात ते लखपत

आमचे मेहुणे वसंतराव यांनी नगर जिल्ह्यातल्या शाळांत तीस वर्षं इतिहास शिकवला. मी जवळजवळ तेवढीच वर्षं पाटबंधारे खात्यात कालवे आणि चाऱ्या सांभाळल्या. त्यामुळे सिंधू संस्कृती कशाने संपली, हा वाद आमच्या घरी दर दिवाळीत जेवणाच्या पानावर होतो. त्यांच्या बाजूला राजे, टोळ्या आणि लढाया असतात. माझ्याकडे पाणी आणि गाळ. यंदा आमच्या हिने वैतागून सांगितलं, "तुम्ही दोघं तिथे जाऊनच भांडा. मी पण येते, मला मणी बघायचेत." तिकिटं भाच्याने काढली. रात्रीच्या गाडीने आणंदला उतरलो आणि तिथून सात दिवसांसाठी गाडी ठरवली. चालक कच्छचाच होता, ही एक गोष्ट नशिबाने चांगली झाली.

पहिला दिवस: खंबात

संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, तरी खंबातच्या तारांवर, झाडांवर, घुमटांवर फाटके पतंग लटकत होते. आम्ही आलो होतो अकीक, म्हणजे मणी करायचा रंगीत दगड, बघायला. जुन्या गावातल्या एका बोळात, दहा बाय बाराच्या खोलीत एक वयस्कर कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यासमोर बसले होते. डाव्या हाताने दगड त्या टोकाला टेकवायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीने टिचकी मारल्यासारखा हलका ठोका द्यायचा. हातोडीचं डोकं म्हशीच्या शिंगाचं. लोखंडाची हातोडी का नाही, असं मी विचारलं. "लोखंड दगडाला रागावतं, शिंग समजावतं," असं ते हिंदी-गुजराती मिसळून म्हणाले. कपच्या उडत होत्या आणि पाच-सात मिनिटांत ओबडधोबड खड्याचा लांबट मणी दिसायला लागला.

कच्चा दगड राजपीपळा-रतनपूरकडून येतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहामुळे पिवळट-तपकिरी खडा लाल होतो. हडप्पाकाळातही हीच पद्धत होती. म्हणूनच बडोद्याचे कुलदीप भान आणि अमेरिकेचे केनॉयर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी इथल्या कारागिरांचं काम शेजारी बसून नोंदवलं. त्या काळी लांब मण्यांना भोक पाडायचं तर एका खास कठीण दगडाची सुई धनुष्याने फिरवावी लागे, आणि तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडे. बोटभर लांबीच्या मण्याला किती दिवस लागत असतील, हा हिशेब वसंतरावांनी तिथेच बोटांवर केला आणि गप्प झाले. असले मणी इराकमध्ये उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत निघालेत, इसवी सनापूर्वी २५००च्या सुमाराचे. आज भोक पाडायला हिऱ्याचं टोक आणि विजेची मोटर आहे. खोलीत धूळ तशीच आहे. या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, कारागीर मधूनमधून खोकत होते आणि तोंडावर फक्त एक रुमाल. हिने तीन माळा घेतल्या, भाव केला नाही. हे आमच्याकडे प्रथमच घडलं.

संध्याकाळी बंदर बघायला गेलो. म्हणजे बंदर होतं त्या जागी. इब्न बतूता १३४२ मध्ये इथे आला, तेव्हा हे हिंदुस्थानातल्या श्रीमंत शहरांपैकी एक होतं. पोर्तुगीज तोमे पिरेशने लिहून ठेवलंय की, खंबात आपले दोन हात पसरतं, उजवा एडनकडे आणि डावा मलाक्काकडे. आज भिंतीखाली नुसता चिखल, त्यात बगळे, आणि फार लांबवर पाण्याची एक राखाडी रेघ. मही आणि साबरमती गाळ आणत राहिल्या, आखात भरत गेलं. मोठी जहाजं पलीकडे घोघ्याला थांबायला लागली, माल छोट्या होड्यांतून यायला लागला, मग व्यापार सुरतेला गेला आणि पुढे मुंबईला. मी वसंतरावांना म्हटलं, "एक झालं." ते म्हणाले, "दाजी, आत्ता पहिलाच दिवस आहे."

*खंबातला सुतरफेणी आणि हलवासन दोन्ही घ्या. हलवासन टिकतं, प्रवासात उपयोगी पडतं. अकीक कारखान्यात बघायचं असेल तर दुपारी चारच्या आत जा आणि फोटो काढण्याआधी विचारा.*

दुसरा दिवस: लोथल

शुक्रवार होता. लोथलचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, हे आम्हाला दारात कळलं. तीन निवृत्त माणसं, पैकी दोघं सरकारी, आणि सुट्टीचा वार एकानेही बघितला नाही. अवशेषांची जागा मात्र उघडी होती.

वाटेतला भाल प्रदेश सपाट, काळा आणि पाट-चारी नसलेला. तरी गहू उभा. भालिया गहू पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येतो, त्याला पाणी देत नाहीत. आयुष्यभर गव्हाच्या आवर्तनांवरून, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्यांवरून, शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला हे दृश्य बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. बगोदऱ्याजवळ एका टपरीवर या गव्हाची भाकरीसारखी जाड रोटी, लसणीची चटणी आणि ताक मिळालं. पुढचे पाच दिवस हीने प्रत्येक जेवणाची तुलना त्याच्याशी केली.

आता गोदी. १९५४ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांना लोथलची ही हडप्पाकालीन जागा सापडली. पक्क्या विटांच्या उभ्या भिंतींची सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद हौदासारखी बांधणी. राव म्हणाले, ही जहाजांची गोदी. काही जण म्हणाले, हा साठवण तलाव. मी टेप घेऊन गेलो होतो. एक वीट मोजली तोवर राखणदाराने शिट्टी मारली. पण एवढं मोजून झालं होतं की लांबी, रुंदी आणि जाडी चारास दोनास एक. पुस्तकात वाचलेलं प्रमाण बोटाखाली आलं.

दक्षिणेच्या भिंतीत पाणी बाहेर जायची मोरी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना विटांत उभी खाच ठेवलेली आहे. आमच्याकडे चारीच्या तोंडाशी लाकडी फळ्या सरकवायला ठेवतात तशीच. तिथे फळी टाकायची, भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीतही आत पाणी राखायचं, असं रावांचं म्हणणं. मी तिथे अर्धा तास उकिडवा बसलो. माझं मत विचाराल तर शेतीला पाणी देणारा तलाव कोणी अशा सरळ उभ्या भिंतींचा बांधणार नाही. पाणी काढायचं कुठून? आणि शेजारीच वखारीचा उंच चौथरा आहे, जिथे मालाच्या गाठींवर उठवलेल्या मुद्रांचे मातीचे ठसे सापडलेत, काहींच्या पाठीवर दोरीची आणि कापडाची नक्षी उमटलेली. इराणी आखातातल्या धाटणीची एक मुद्राही इथे निघाली. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन मिरवतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागली. मेलुहा म्हणजे हाच सगळा पट्टा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण नदी सरकली. पुरांनी गोदी भरली. रावांच्या उत्खननात दिसतं की लोकांनी पुन्हा बांधलं, पण आधीपेक्षा कच्चं. पुन्हा पूर, पुन्हा बांधकाम, आणखी कच्चं. शेवटी जे राहिले ते कुडाच्या घरांत राहिले. वसंतराव चौथऱ्यावर उभे राहून म्हणाले, "म्हणजे कोणी मारलं नाही?" मी म्हटलं, "मारलं की. दर पावसाळ्यात थोडं थोडं."

जवळच राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाचं प्रचंड बांधकाम चाललंय. क्रेनच क्रेन. चार हजार वर्षांत इथे एवढी वर्दळ झाली नसेल.

*पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं बहुधा शुक्रवारी बंद असतात. आमच्यासारखं करू नका. सावलीला एकही झाड जवळ नाही, टोपी आणि पाणी हवंच.*

रात्री भचाऊला मुक्काम. ठरवलेल्या लॉजमध्ये आमच्या नावाची नोंदच नव्हती. चालकाने ओळखीत सोय केली, त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

तिसरा दिवस: धोळावीरा

रापरच्या पुढे बालासर मागे पडलं आणि रस्ता रणात उतरला. दोन्ही बाजूंना पांढरं. डोळे बारीक करून बघितलं तर ते पाणी वाटतं, आणखी बारीक केले तर बर्फ. हिने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून बोट टेकवलं आणि चाखलं. मीठच. पलीकडे खदीर बेट. नावातलं बेट खरं आहे, पावसाळ्यात त्याच्याभोवती पाणी चढतं. हडप्पाकाळी हे रण बोटी चालण्याइतकं खोल असावं, असा अंदाज आहे.

धोळावीरा या हडप्पाकालीन शहराची नोंद पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ मध्ये केली. आर. एस. बिष्ट यांनी १९८९-९० पासून पंधरा वर्षं इथे खोदकाम केलं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. आमच्या वाटाड्याने लहानपणी त्या खोदकामावर पाट्या वाहिल्या होत्या. "बिष्टसाहेब म्हणायचे, कुदळ हळू मार, खाली माणसं झोपलीत," असं सांगून तो चालायला लागला, आणि पुढचे चार तास थांबला नाही.

इथे वर्षाला पाऊस तीनशे मिलिमीटरसुद्धा नीट पडत नाही. बारमाही नदी नाही. भूजल खारं. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, असे दोन नाले, तेही पावसापुरते. अशा जागी कोणी मला गाव वसवायचा आराखडा आणून दिला असता तर मी फाईल परत पाठवली असती. त्यांनी तट बांधला सुमारे ७७० बाय ६१५ मीटरचा. त्यात बालेकिल्ला, मधली वस्ती, खालची वस्ती, मोठं मैदान. नाल्यांवर दगडी बंधारे घालून पुराचं पाणी वळवलं आणि तटाच्या आतल्या बाजूने एकामागून एक टाकी भरत नेली. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जमीन तेरा मीटर उतरते. माझ्या हिशेबाने पंचाहत्तरास एकाच्या आसपास उतार. एवढ्या उतारावर पाणी मोकळं सोडलं तर ते ओरबाडत जातं. म्हणून टाक्यांच्या मधे रुंद बांध, एक भरलं की दुसऱ्यात.

पूर्वेचं मोठं टाकं ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि दहा मीटरहून खोल. खालचा भाग कातळात कोरलेला. पायऱ्या उतरताना उजव्या हाताला थंड कातळ लागतो. मी तळापर्यंत बघत होतो, तेव्हा वाटाड्याने हाक मारून बालेकिल्ल्यातल्या विहिरीशी नेलं. काठावरच्या एका दगडाच्या कडेला दोरीने पडलेल्या खाचा आहेत. बोट घातलं तर पेरभर आत जातं, आत गुळगुळीत. आमच्या गावच्या जुन्या आडावर अशाच होत्या, त्यातली एक माझ्या आईने पाडलेली, असं आम्ही म्हणायचो. इथे वसंतरावांनी पहिल्यांदा चष्मा काढून पुसला.

उत्तर दरवाजाजवळ तो प्रसिद्ध फलक सापडला होता. दहा मोठी चिन्हं, प्रत्येक सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांची. लाकडाची फळी होती, ती कुजून गेली आणि अक्षरं पडल्या ठिकाणी मातीत ओळीने राहिली. ती लिपी आजवर कोणाला वाचता आलेली नाही. "स्वागत असेल," ही म्हणाली. "कर भरा असेल," वसंतराव म्हणाले. मला वाटतं, 'टाक्यात कपडे धुऊ नयेत.'

विनोद सोडा. मला दिवसभर खटकत होती ती गोष्ट वेगळीच होती. नाल्याचं पुराचं पाणी म्हणजे अर्धा गाळ. अशा सोळाएक टाक्यांत दर पावसाळ्यात तो येणार. दर उन्हाळ्यात तो कोणीतरी उपसलाच पाहिजे, नाहीतर दहा-वीस वर्षांत टाकं उथळ होतं. म्हणजे इथे कोणीतरी होतं, जे शेकडो माणसांना कामाला लावू शकत होतं, त्यांना खायला देऊ शकत होतं आणि त्यांनी ऐकावं असं ज्याचं वजन होतं. बांधताना उद्घाटन होतं. गाळ काढल्याची कोनशिला मी कुठे पाहिली नाही. आणि बिष्टांनी सांगितलेल्या सात टप्प्यांपैकी पाचव्यात नेमकं हेच दिसतं: शहर चालू आहे, मातीची भांडी तशीच उत्तम आहेत, पण बालेकिल्ल्याची निगा ढासळली आहे. मग काही काळ ओसाड. मग छोटी वस्ती. पुन्हा ओसाड. आणि सगळ्यात वरच्या थरात गोल झोपड्या, जुन्या वाड्यांचे दगड काढून बांधलेल्या.

का झालं, याला एक कारण पुरत नाही. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पावसाने जगाच्या अनेक भागांत हात आखडला. भूशास्त्रज्ञांनी त्या टप्प्यापासून सुरू होणाऱ्या काळाला २०१८ मध्ये मेघालयन असं नाव दिलं, कारण त्याचा पुरावा मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या लवणस्तंभात मिळाला. मेसोपोटेमियाशी असलेला व्यापार मंदावला, म्हणजे दगड आणि मण्यांचं गिऱ्हाईक गेलं. रण उथळ होत गेलं. बिष्टांना भूकंपाच्या खुणाही मिळाल्या. आमच्या खात्यात धरणाच्या साठ्याचे दोन भाग धरतात, उपयुक्त आणि मृत. मोरीच्या खाली जे राहतं ते मृत. धरण भरलेलं दिसतं, पण कालव्यात पाणी येत नाही. पाचव्या टप्प्यातलं धोळावीरा मला तसं वाटलं.

रात्री थंडी कडाक्याची. बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गूळ-तूप, खिचडी-कढी. जेवल्यावर बाजेवर पडून आमचा जुना वाद झाला. वसंतरावांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर लिहिलेलं वाक्य त्यांना अजून पाठ आहे: आर्यांनी आक्रमण करून सिंधूची नगरे उद्ध्वस्त केली. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४७ मध्ये मोहेंजोदडोतल्या सांगाड्यांवरून इंद्राला आरोपी केलं होतं. पुढे ते सांगाडे एका वेळचे नाहीत आणि कत्तलीचा पुरावा टिकत नाही, असं दिसून आलं. "मग मी किती पोरांना चुकीचं शिकवलं?" असं अंधारात त्यांनी विचारलं. ही म्हणाली, "पोरांच्या लक्षात तरी कुठे राहतंय, वसंता. झोप." वर एवढे तारे होते की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागली.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. राहायची सोय आधी फोनवर पक्की करा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. वाटाड्या गावातलाच घ्या. कडक तळव्याचे बूट हवेत.*

चौथा दिवस: रणाचा रस्ता

पूर्वी धोळावीऱ्याहून भूजला रापर-भचाऊ असा मोठा वळसा पडायचा. आता रणातून थेट खावड्याला जाणारा रस्ता झालाय, त्याला सगळे 'रोड टू हेवन' म्हणतात. पंचवीस-तीस किलोमीटर दोन्हीकडे काहीच नाही. भरावाची कडा खाऱ्या पाण्याने आत्ताच काही ठिकाणी कुरतडलेली दिसली. मी ती बघत होतो, बाकीचे फोटो काढत होते.

खावड्याच्या अलीकडे एका वस्तीवर चालकाच्या नात्यातलं घर होतं. तिथे आम्ही भुंग्यात बसलो. भुंगा म्हणजे गोल मातीचं घर, वर शंकूसारखं गवती छप्पर, आत भिंतींवर माती-शेणाच्या उठावाची नक्षी आणि आरशांचे तुकडे. घरातल्या आजी म्हणाल्या, २००१च्या भूकंपात पक्क्या घरांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आमच्या भुंग्यातली मडकी पण पडली नाहीत. गोल भिंतीला कोपरा नसतो, हादरा कुठे एकवटत नाही. धोळावीऱ्याच्या सगळ्यात वरच्या थरातल्या त्या गोल झोपड्यांना मी आदल्या दिवशी मनात 'उतरती कळा' म्हणून गेलो होतो. आजींच्या घरात चहा पिताना ते शब्द मागे घेतले.

काळ्या डुंगरावरच्या दत्ताला नमस्कार केला. इथे कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवतात. त्या दिवशी कोल्हे आले नाहीत, कुत्र्यांनी खाल्ला.

*या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, मोबाईलला रेंज बहुतेक नाही. अंधार पडायच्या आत पार करा. ओळखपत्र जवळ ठेवा, हा सीमेचा मुलूख आहे.*

पाचवा दिवस: भूज

२६ जानेवारी. सकाळी पावणेनऊच्या आधी आम्ही भुजिया डोंगराच्या उतारावर स्मृतिवनात होतो. उतारावर बंधारे घालून पाणसाठे केलेत आणि त्यांच्या भिंतींवर भूकंपात गेलेल्या जवळजवळ तेरा हजार माणसांची नावं आहेत. मी वसंतरावांना बंधाऱ्याची बांधणी समजावून सांगायला गेलो आणि मधेच थांबलो, कारण शेजारी एक बाई एका नावावर बोट ठेवून उभ्या होत्या. ८ वाजून ४६ मिनिटांनी कोणी भोंगा वगैरे वाजवला असेल तर आम्हाला ऐकू आला नाही. त्या बाईंनी मात्र घड्याळ बघितलं. पंचवीस वर्षं झाली.

खाली हमीरसर तलाव. डोंगरातलं पाणी कालव्यांनी आणून भरायचा, अशी राजेशाहीतली योजना. हा भरून सांडव्यावरून वाहिला की भूजमध्ये सुट्टी देतात, पूजा होते आणि मेघलाडू वाटतात. सांडवा वाहिला म्हणून लाडू! आमच्याकडे सांडवा वाहिला की मला रात्रभर नदीकाठच्या गावांना फोन करावे लागत. टपरीवाल्याने सांगितलं की काही वर्षं तलाव भरतच नाही, मग लाडूची आठवण काढतात. धोळावीऱ्यातलं कोणी इथे आलं असतं तर लाडूच्या रांगेत न विचारता उभं राहिलं असतं.

दुपारी आयना महाल, बाजार, विश्रांती. हीने अजरखचं कापड घेतलं. त्यात माझा सहभाग फक्त पैसे देण्यापुरता.

सहावा दिवस: लखपत

भूजपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. नखत्राणा, दयापर, मग बाभळी आणि वारा. अचानक सात किलोमीटर लांबीची तटबंदी समोर येते, धडधाकट, बुरुजांसकट. जमादार फतेह महंमदने १८०१ मध्ये बांधलेली. दरवाजातून आत गेलो आणि आत जवळजवळ काही नाही. मोजकी घरं, एक देखणा मकबरा, एक गुरुद्वारा, पडक्या भिंती, शेळ्या. एवढा मोठा तट एवढ्या थोड्या माणसांभोवती मी कुठे पाहिला नाही. बंदरात रोज लाख कोरी जमा होत म्हणून लखपत, अशी आख्यायिका सांगतात. कोरी म्हणजे कच्छचं नाणं.

गुरुद्वाऱ्यात गुरू नानकांच्या खडावा आणि पालखी जपून ठेवल्यात. मक्केच्या वाटेवर ते इथे थांबले होते, अशी श्रद्धा आहे. सेवेकऱ्याने डाळ-रोटी वाढली, चहा दिला आणि आम्ही कुठले ते विचारलं. नांदेडचं नाव काढताच आणखी दोन रोट्या वाढल्या.

मग तटावर चढलो. पलीकडे कोरी खाडी आणि चिखलाचा सपाट पसारा, क्षितिजापर्यंत. सगळीकडे एका ओळीत सांगतात की १८१९च्या भूकंपाने सिंधूचं पात्र बदललं आणि लखपत मेलं. गोष्ट एवढी सरळ नाही. एके काळी सिंधूचा पूर्वेकडचा फाटा इथे पोचायचा, लखपतच्या बाजूला भातशेती होती. १७६२च्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधच्या गुलाम शाह कल्होराने वरच्या अंगाला बांध घालून कच्छचं पाणी तोडलं. भातशेती आटली. इथे वसंतराव खुलले: "राजा! बघा, शेवटी राजाच निघाला!" मला मान्य करावं लागलं. पाणी तोडायला धरण लागतं आणि धरण बांधायला वैर पुरतं, हे मी महाराष्ट्रात राहून विसरायला नको होतं.

मग १६ जून १८१९. जमीन हादरली, सिंद्रीचा किल्ला आणि आसपासचा मुलूख खचून पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. माणसाने घातलेल्या बांधांपेक्षा हा वेगळा, म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं. पण गंमत अशी की भूकंपानंतर लखपतपाशी खाडी उलट खोल झाली. आधी ओहोटीला पायी ओलांडता येई, तिथे अठरा फूट पाणी आलं. १८२६ मध्ये सिंधूला पूर आला, त्याने वरचे बांध फोडले आणि अल्लाबंदही कापला. म्हणजे नदी एकदा परत आली होती. टिकली नाही. व्यापाऱ्यांना मात्र एका धक्क्यात कळलं होतं की इथल्या जमिनीवर वखार ठेवण्यात अर्थ नाही. ते मांडवीला गेले, मुंबईला गेले. मशीद बंदरच्या पेढ्यांवर बसलेल्या कच्छी शेठांचं निघणं अशाच कुठल्यातरी तटाच्या दरवाजातून झालं असणार.

वारा एवढा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वसंतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं: 'बांध १, भूकंप १, पूर १, व्यापारी १. आरोपी चार. दाजींचा गाळ?' मी खाली चिखलाकडे बोट दाखवलं.

*गाडीत तेल नखत्राण्याला किंवा दयापरला भरून घ्या. लंगरमध्ये जेवलात तर दानपेटीत काहीतरी टाका. संध्याकाळी कोटेश्वरला जा, खाडीच्या टोकावरचं महादेवाचं देऊळ सूर्यास्ताला बघण्यासारखं आहे.*

सातवा दिवस: मांडवी

रुक्मावतीच्या काठावर, ऐन गावात, तीन मजली उंचीची लाकडी जहाजं उभी. सुतार फळ्यांच्या फटीत कापूस ठोसून बसवत होते, ठक-ठक-ठक, एका लयीत. नदीत पाणी घोट्याएवढं. ही एवढी जहाजं समुद्रात जातात कशी, असं हिने विचारलं. मोठ्या भरतीची वाट बघतात, मग ओढून नेतात. मग थोडं थांबून एक सुतार म्हणाला, "आधी गाळ काढावा लागतो." वसंतरावांनी हात जोडले.

दाबेली इथलीच. पुण्यात खातो त्यापेक्षा मसाला जास्त झोंबतो, आणि शेंगदाणे मसाल्यात परतलेले. मी तीन खाल्ल्या. घरी दोन सांगितल्या आहेत.

आठवा, जो कार्यक्रमात नव्हता

घरी आल्यावर चौथ्या दिवशी वसंतरावांचा फोन. "दाजी, दायमाबादला जाऊ." श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर. आयुष्यभर त्याच्या आसपास नोकऱ्या केल्या आणि दोघंही कधी नीट गेलो नव्हतो. हडप्पा संस्कृतीची शहरं मोडत होती त्या काळात तिच्या वळणाची भांडी वापरणारी माणसं इथवर पोचली होती. त्या लिपीची चिन्हं कोरलेली खापरंही इथे मिळाली आहेत. १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना ब्राँझचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस निघाली, मिळून साठ किलोहून जास्त वजनाची.

गावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, थोडी उंच आहे. पायाखाली खापरं. वसंतरावांनी एक उचललं, उलटसुलट केलं आणि होतं तिथेच ठेवलं. खाली प्रवरेत आवर्तनाचं पाणी चाललं होतं. परत येताना जवळच्या एका चारीवर जुना पाटकरी भेटला, त्याने मला ओळखलं. चारीत गुडघाभर गवत आणि तळाला वीतभर काळा गाळ. "साहेब, शेपटाला पाणी पोचत नाही बघा," तो म्हणाला. "तुम्ही होता तेव्हा दिवाळीच्या आधी साफ व्हायची. आता सांगायचं कुणाला, तेच कळत नाही."

मी खिशातून टेप काढली आणि गाळ मोजला. एकोणीस सेंटिमीटर भरला. वसंतरावांनी तो आकडा वहीत लखपतच्या खाली लिहून घेतला.